हिल्डे मांगोल्ड : सहा भ्रूणांचा प्रबंध

अंड्याच्या एका पेशीतून सर्व अवयवांनी युक्त असा प्राणी कसा घडतो, हे कोडे ॲरिस्टॉटलच्या काळापासून विचारवंतांना पडलेले आहे. प्राणी अंड्यात सूक्ष्म रूपाने आधीच विद्यमान असतो व पुढे केवळ मोठा होतो, असे एका पक्षाचे म्हणणे. तर प्रत्येक अवयव नव्याने घडत जातो, असे दुसऱ्याचे. त्यातही मेंदूचा उगम हा सर्वांत अवघड प्रश्न. ज्या पेशींपासून त्वचा होते त्यांच्या शेजारच्याच पेशींपासून मेंदू व्हावा, हे कोणाच्या आज्ञेने घडते? या प्रश्नाचे निर्णायक उत्तर ज्या प्रयोगाने दिले, तो हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीने केला. प्रयोगास आरंभ झाला तेव्हा ती अवघी बावीस वर्षांची होती आणि पुढे तिला आयुष्य लाभले ते जेमतेम तीन वर्षांचे.

माहेरची हिल्डे प्रॉशोल्ट. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील गोटा या गावी 20 ऑक्टोबर 1898 रोजी तिचा जन्म झाला. वडिलांचा साबणाचा कारखाना होता. पहिले महायुद्ध संपत असताना तिने येना विद्यापीठात प्रवेश घेतला व तेथून ती फ्रांकफुर्टला गेली. त्या काळी जर्मन विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना खुले होऊन फार दिवस झालेले नव्हते. फ्रांकफुर्ट येथे तिने हान्स श्पेमान या भ्रूणशास्त्रज्ञांचे व्याख्यान ऐकले आणि तिच्या आयुष्याची दिशा ठरली. 1920 मध्ये ती फ्रायबुर्ग येथील त्यांच्या प्राणिशास्त्र संस्थेत दाखल झाली. व्हिक्टर हाम्बुर्गर आणि योहानेस होल्टफ्रेटर हे पुढे नावारूपास आलेले संशोधक तेथे तिचे सहाध्यायी होते.

आरंभ मात्र उत्साहवर्धक नव्हता. अठराव्या शतकात आब्राहाम ट्रेंबले यांनी हायड्रा हा गोड्या पाण्यातील चिमुकला जीव पिशवीसारखा उलटा करून दाखविला होता. तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्याचे काम श्पेमान यांनी तिच्याकडे सोपविले. महिनोन्‌महिने खटपट करूनही ते साधेना. ती निराश झाली व तिने दुसरा विषय मागून घेतला. 1921 च्या वसंत ऋतूत श्पेमान यांनी तिला जो विषय दिला, त्याची पूर्वतयारी त्यांच्या स्वतःच्या वीस वर्षांच्या संशोधनाने झालेली होती.

न्यूट हा बेडकाच्या वर्गातील, पण दिसण्यात पालीसारखा उभयचर प्राणी. त्याचा आरंभीचा भ्रूण म्हणजे दीड-दोन मिलिमीटरांचा एक गोलक. एका विशिष्ट वेळी या गोलकाच्या एका बाजूस बारीक फट उमटते आणि तिच्या वरच्या ओठासारख्या कडेवरून पेशी आत शिरू लागतात. या ओठाचा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर भलत्याच जागी बसविला, तर तेथे दुसऱ्या भ्रूणाचा आराखडा उमटू लागतो, असे श्पेमान यांना आढळले होते. परंतु देणारा व घेणारा भ्रूण एकाच जातीचे असल्यामुळे नवा भाग बसविलेल्या तुकड्यापासून झाला की यजमानाच्या पेशींपासून, हे सांगता येईना. सारा प्रश्न या एका शंकेवर अडला होता.

उपाय निघाला तो रंगाचा. न्यूटच्या एका जातीची अंडी जवळजवळ पांढरी असतात, तर दुसरीची तपकिरी. पांढऱ्या जातीच्या भ्रूणाचा ओठ कापून तो तपकिरी जातीच्या भ्रूणावर, पोटाची त्वचा व्हावयाची त्या बाजूस बसवावयाचा. म्हणजे पुढे कोणती पेशी कोणाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली रंगावरूनच ओळखता येईल. योजना सांगावयास सोपी होती. पार पाडणे मात्र कष्टाचे होते. काचेची नळी तापवून ओढलेली टोकदार सुई आणि तान्ह्या मुलाच्या केसाचा फासा, ही शस्त्रक्रियेची हत्यारे. अंड्यावरचे चिकट संरक्षक वेष्टन काढावे लागे आणि ते निघाले की भ्रूण उघडा पडे. प्रतिजैविके अद्याप जन्मास यावयाची होती. जंतूंच्या प्रादुर्भावाने बहुतेक भ्रूण काही दिवसांतच मरून जात. शिवाय न्यूटचा विणीचा हंगाम वसंतातलाच. तो हुकला की वर्षभर थांबणे आले.

1921 व 1922 या दोन हंगामांत हिल्डेने शेकडो भ्रूणांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतून जे निभावले, त्यांतील अवघ्या सहांचे वर्णन तिच्या प्रबंधात आले. पण ते सहा पुरेसे होते. यजमान भ्रूणाच्या कुशीवर दुसरा भ्रूण उभा राहिला होता. त्याला स्वतःची मज्जानलिका होती, स्नायूंचे खंड होते, उत्तम उदाहरणात कानांचे अंकुरही होते. आणि रंगाने जे सांगितले ते त्याहून महत्त्वाचे ठरले. पाठीच्या कण्याचा पूर्वगामी असा पृष्ठरज्जू प्रामुख्याने पांढऱ्या, म्हणजे पाहुण्या पेशींचा होता; परंतु मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती बहुतांशी तपकिरी होती. म्हणजे ज्या पेशी पोटाची कातडी व्हावयाच्या, त्यांनीच शेजाऱ्याच्या प्रभावाखाली मज्जासंस्थेचे रूप घेतले होते. श्पेमान यांनी या तुकड्यास संघटक असे नाव दिले. मेंदू अंड्यात आधीपासून दडलेला नसतो. एका पेशीसमूहाने दुसऱ्यास दिलेल्या संदेशातून तो आकारास येतो, हे यातून सिद्ध झाले.

1921 च्या ऑक्टोबरात हिल्डेचा विवाह श्पेमान यांचे साहाय्यक ओटो मांगोल्ड यांच्याशी झाला होता. 1923 मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुत्रप्राप्ती झाली. प्रबंध छापण्याची वेळ आली तेव्हा श्पेमान यांनी आपले नाव प्रथम घातले. इतर विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावे प्रसिद्ध होत असताना आपल्या बाबतीत निराळा न्याय लागल्याचे तिला लागून राहिले, असे हाम्बुर्गर यांनी पुढे नमूद केले आहे. प्रश्न, पद्धती आणि वीस वर्षांची साधना श्पेमान यांची होती, यात शंका नाही. पण ते सहा भ्रूण जगविणारे हात हिल्डेचे होते, हेही तितकेच खरे.

प्रबंध 1924 मध्ये प्रकाशित झाला. पतीची नेमणूक बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत झाल्याने कुटुंब तिकडे गेले होते. त्याच वर्षी स्टोव्हच्या स्फोटात हिल्डे गंभीररीत्या भाजली आणि 4 सप्टेंबर 1924 रोजी तिचे निधन झाले. वय वर्षे पंचवीस. मूल अद्याप वर्षाचेही झाले नव्हते. तो मुलगाही पुढे दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावला.

1935 मध्ये संघटकाच्या शोधाबद्दल श्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत. त्यामुळे तिच्या नावाचा विचार होण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्यानंतर संघटकातील रासायनिक द्रव्याचा शोध मात्र दीर्घ काळ हुलकावणी देत राहिला. मारलेला संघटकही काम करतो, असे 1932 मध्ये दिसून आले. इतर कितीतरी पदार्थांनीही तोच परिणाम होऊ लागला आणि संशोधक गोंधळून गेले. अखेर 1992 मध्ये नॉगिन व 1994 मध्ये कॉर्डिन ही प्रथिने आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात सापडली आणि उलगडा झाला. बाहेरील थरातील पेशींना त्वचा होण्याचा संदेश सतत मिळत असतो. संघटकातून पाझरणारी ही प्रथिने तो संदेश वाटेतच अडवितात. तो अडला की त्याच पेशी मज्जासंस्थेकडे वळतात. संघटक मेंदू घडविण्याची आज्ञा देतो, अशी समजूत होती. प्रत्यक्षात तो त्वचा होण्याची आज्ञा रोखून धरतो.

डॉक्टरेटच्या प्रबंधातून नोबेल पारितोषिकाची वाट निघावी, अशी उदाहरणे जीवशास्त्रात विरळाच. आज भ्रूणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्या इवल्याशा ओठाला श्पेमान-मांगोल्ड संघटक असे जोडनाव आहे. हयातीत जे नाव दुसऱ्या क्रमांकावर छापले गेले, ते आता त्या शोधापासून वेगळे काढता येत नाही. अल्पायुषी हिल्डेच्या हाती दोनच वसंत होते. त्या दोन वसंतांच्या कामावर भ्रूणशास्त्राच्या पुढील अनेक पिढ्यांनी आपले प्रश्न उभे केले.