पिसवांचा माग काढणारे डॉक्टर सिमाँ

घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, एवढे प्लेगच्या दिवसांत दख्खनमधील खेडुतांना कळून चुकले होते. उंदराचा रोग माणसापर्यंत पोचतो कसा, हे मात्र विद्वानांनाही उमगले नव्हते. तो दुवा शोधला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी.

त्यांचा जन्म १८५८ चा, फ्रान्सच्या द्रोम परगण्यातील एका धर्मोपदेशकाच्या घरातला. फ्रेंच गयानातील कुष्ठरुग्णांची सेवा, इंडोचायनातील नोकरी आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील अभ्यास यांनंतर १८९७ मध्ये ते येर्सँ यांच्या जागी मुंबईत आले. काम होते प्लेगविरोधी सीरम टोचण्याचे. त्याचा गुण बेताचाच आला. सिमाँ यांचे लक्ष मात्र उंदरांकडे वळले.

नुकताच मेलेला उंदीर हाताळणारा आजारी पडे. पुरता थंड झालेला उंदीर बाधत नसे. काही रुग्णांच्या पायावर गाठ येण्यापूर्वी बारीक फोड दिसे, कीटक चावल्यासारखा. निरोगी उंदीर अंग सतत चाटूनपुसून साफ ठेवतो, म्हणून त्याच्यावर पिसवा थोड्या. प्लेगने गळालेल्या उंदराला तेवढे त्राण उरत नाही. पिसवा माजतात आणि प्राण गेल्यावर थंड पडणारे शरीर सोडून नवे ऊबदार अंग शोधतात. आजारी उंदरांवरील पिसवांच्या पोटात सिमाँ यांना सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगच्या जंतूंसारखे जंतू दिसले.

२ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी निर्णायक प्रयोग केला. तळाशी वाळू घातलेल्या मोठ्या काचपात्रात प्लेगचा उंदीर ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा कमी वाटल्या, म्हणून मांजरावरच्या काही आणून सोडल्या. तो मरणपंथाला लागताच जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर वर टांगला. दोघांचा स्पर्श अशक्य होता. उडी मारून पोचणे फक्त पिसवांना शक्य. काही दिवसांतच वरचा उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांत ठेवला, तेव्हा कोणालाच बाधा झाली नाही.

त्याच वर्षी निबंध छापून आला आणि बहुतेकांनी तो मोडीत काढला. सरकारी प्लेग कमिशनलाही तो पटला नाही. घरांची झडती, सामानाची होळी, कार्बॉलिकचे फवारे हे सारे चालूच राहिले. पिसवांकडे कोणी पाहिले नाही. पुढे मुंबईत लिस्टन यांनी हा धागा उचलला आणि १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत नव्या कमिशनने सिमाँ यांचेच म्हणणे सिद्ध केले. रोग मात्र थांबला नव्हता; एकट्या १९०७ साली हिंदुस्थानात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने दगावली.

सिमाँ तोवर हिंदुस्थानातून केव्हाच गेले होते. सायगाव, पीतज्वराच्या शोधासाठी ब्राझील, पुन्हा इंडोचायना असा प्रवास करून ते निवृत्त झाले आणि १९४७ मध्ये आपल्याच द्रोममधील व्हॅलॉन्स गावी वारले.