विश्लेषण : मृत्यूनंतर ७३ वर्षांनी बंदी उठलेला बेसबॉलपटू ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाणार का?

अमेरिकी बेसबॉलमध्ये ‘हॉल ऑफ फेम’ हा सर्वोच्च मान समजला जातो. ‘शूलेस’ ज्यो जॅक्सनला तो हयातीत मिळाला नाही आणि मरणानंतरही नाही. मे २०२५मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी त्याच्यावरील कायमची बंदी उठवली आणि जुना वाद पुन्हा सुरू झाला. हा मान देताना फक्त खेळ पाहायचा की वागणूकही?

कोण होता जॅक्सन?

दक्षिण कॅरोलिनातील गरीब कुटुंबात १८८७मध्ये त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो कापड गिरणीत कामाला लागला. शाळा घडली नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येत नव्हते. नवे बूट चावले म्हणून एकदा तो नुसत्या मोज्यांवर खेळला आणि ‘शूलेस’ म्हणजे ‘अनवाणी’ हे नाव चिकटले, असे सांगितले जाते. १९११मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .४०८ होती. कारकीर्दीची सरासरी .३५६, म्हणजे दर हजार संधींमागे सुमारे ३५६ यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये .३०० गाठणाराही उत्तम फलंदाज मानला जातो.

१९१९मध्ये काय घडले?

शिकागो व्हाइट सॉक्स संघ ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून ५-३ असा हरला. शिकागोच्या काही खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन मालिका सोडल्याचे पुढे उघड झाले. जॅक्सनला २० हजार डॉलरचे आमिष होते, हाती आले पाच हजार. त्याचा वर्षाचा पगार सुमारे सहा हजार होता. पैसे घेतल्याचे त्याने १९२०मध्ये ग्रँड ज्युरीसमोर कबूल केले. मात्र त्याच मालिकेत त्याची सरासरी .३७५ होती, १२ यशस्वी फटके होते आणि क्षेत्ररक्षणात एकही चूक नव्हती. आपण जिंकण्यासाठीच खेळलो, असे तो पुढे अखेरपर्यंत सांगत राहिला.

निर्दोष सुटूनही बंदी का?

ऑगस्ट १९२१मध्ये ज्युरीने खेळाडूंना निर्दोष ठरवले. दुसऱ्याच दिवशी आयुक्त केनेसॉ लँडिस यांनी आठही खेळाडूंवर कायमची बंदी घातली. कोर्टाचा निकाल काहीही असो, सामना विकणाऱ्याला आणि ते ठाऊक असून गप्प बसणाऱ्यालाही खेळात जागा नाही, अशी त्यांची भूमिका होती. जॅक्सनची कारकीर्द तिथेच संपली. पुढे ग्रीनव्हिलमध्ये त्याने दारूचे दुकान चालवले आणि १९५१मध्ये तिथेच त्याचे निधन झाले.

‘हॉल’चा नियम काय सांगतो?

मतदारांनी खेळाडूची कामगिरी आणि कौशल्याबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती व चारित्र्यही पाहावे, असे नियम सांगतात. शिवाय बंदी असलेल्याचे नाव मतपत्रिकेवर येणार नाही, असा नियम १९९१मध्ये झाला.

सर्वांना एकच माप?

तसे दिसत नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंबरोबर खेळण्यास विरोध करणारा कॅप अ‍ॅन्सन १९३९पासून ‘हॉल’मध्ये आहे. जॅक्सनला बाहेर काढणारे लँडिसही १९४४पासून तिथे आहेत. त्यांच्या जवळपास पाव शतकाच्या कारकीर्दीत मुख्य लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरू शकला नाही.

तरीही दोन गोष्टींची गल्लत नको. खासगी आयुष्यातील दोष वेगळे आणि खेळच विकणे वेगळे. दारू, भांडणे किंवा उद्धटपणाने निकाल बदलत नाही. पैसे घेऊन हरल्यास मात्र प्रेक्षकाने पाहिलेला प्रत्येक फटका संशयास्पद ठरतो. म्हणून जॅक्सनबाबत मुद्दा तो माणूस म्हणून चांगला होता का, हा नाहीच. त्याने मालिका विकली का, एवढाच आहे. पैसे त्याच्या विरोधात बोलतात, आकडे त्याच्या बाजूने.

आता पुढे काय?

कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, असा मॅनफ्रेड यांचा निर्णय आहे. त्यामुळे जॅक्सनचे नाव विचारात घेता येईल, पण निवड निश्चित नाही. जुन्या खेळाडूंसाठीच्या समितीची बैठक डिसेंबर २०२७मध्ये ठरलेली आहे. आधी मतपत्रिकेवर नाव यावे लागेल, मग १६पैकी १२ मते लागतील. त्या १६ जणांना खेळाडूची फलंदाजी आणि त्याने घेतलेले पाच हजार डॉलर, दोन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागेल.