बंदरावर न्यायला आलेली मावशी

मंडळी, आपण या देशात पहिल्यांदा उतरलो तेव्हा न्यायला कोण आलं होतं, ते आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. कुणाचा कॉलेजातला मित्र, कुणाच्या मामेबहिणीचे यजमान! ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरात कल्याणची एक १८ वर्षांची मुलगी उतरली. तिला न्यायला आलेल्या बाईंना तिने त्याआधी कधी पाहिलेलंही नव्हतं.

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे डॉक्टर होण्याचा निश्चय केला. हे सगळं खरंच, पण परदेशी राहणाऱ्या आम्हाला ओढ वाटते ती त्यांच्या इथल्या पहिल्या दिवसांची.

न्यायला आलेल्या त्या बाई म्हणजे न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना त्यांनी एक मिशनरी मासिक चाळलं. त्यात गोपाळराव जोशींचं पत्र होतं, बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं. धर्म बदलल्याशिवाय मदत नाही, असा संपादकांचा सूर होता. कार्पेंटरबाईंनी मात्र पत्र लिहिलं आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

बोटीवरची सोबत मात्र जाचक ठरली. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्यापासून जवळजवळ दोन महिने शाकाहारी बाईच्या जेवणाचे हाल, वर सोबतच्या बायकांचा धर्मांतराचा आग्रह. ओळखीच्यांची सोबत अशी, आणि कधी न भेटलेली बाई अशी! तो उन्हाळा मावशींच्या घरी गेला.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. भाड्याच्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली तर धूर कोंडे, नाही पेटवली तर थंडी. नऊवारीने तिथल्या थंडीत निभेना, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पुढे कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. तब्येत मात्र ढासळतच गेली.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आपण पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइको ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या सबात इस्लांबुली. तिघी तिथल्याच विद्यार्थिनी, तिघींची मायबोली वेगळी. फिलाडेल्फियात मराठी बोलायला कोण भेटणार होतं? ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, तेव्हा मात्र पंडिता रमाबाई इंग्लंडहून समारंभाला आल्या होत्या.

कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण क्षयाने ती हाती लागू दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता.

गोपाळरावांनी रक्षा मावशींकडे पाठवली. मावशींनी ती पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली आणि वर दगड बसवला. न्यूयॉर्क शहरापासून ते गाव गाडीने दीड-दोन तासांवर आहे.