स्वस्त गोळीचा जनक

पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास बाईच्या अंगातून एकाएकी गरम वाफा निघू लागतात, रात्री घामाने उशी भिजते, झोप उडते. घरातली मंडळी वयाकडे बोट दाखवून मोकळी होतात. अंगातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटू लागल्याचा हा परिणाम. ते बाहेरून देता येते, पण 1930च्या दशकात ते गर्भवती स्त्रियांच्या किंवा घोडीच्या लघवीतून काढावे लागे. किंमत अफाट, आणि नैसर्गिक इस्ट्रोजेन पोटात घेतले तर त्याचा फारसा उपयोग होत नसे. ही कोंडी लंडनच्या एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी फोडली.

डॉड्स यांचा जन्म 1899 साली लिव्हरपूलला झाला. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात ते शिकले आणि पंचविशीतच तिथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1938 साली ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या चमूबरोबर त्यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन जाहीर केले. करायला सोपे, पोटात घेतले तरी जबरदस्त परिणामकारक आणि अगदी स्वस्त. सरकारी पैशातून झालेल्या या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. व्याजाच्या हिशेबात उमर गेलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. पण धनी नसलेल्या मालाचे जे होते तेच झाले. जो तो कारखानदार गोळ्या काढू लागला.

1941 साली अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी तिला परवानगी मिळाली. तिथवर ठीक होते. पुढे गर्भपात टळावा म्हणून ती गर्भवतींना देण्याची टूम निघाली. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, इस्ट्रोजेनमुळे सशाचा गर्भ टिकत नाही हे खुद्द डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1938 सालीच छापले होते! 1953 साली शिकागोतल्या चाचणीत गर्भवतींना तिचा काही उपयोग नाही असे दिसले, तरी ती बरीच वर्षे दिली गेली. 1971 साली बोस्टनच्या डॉक्टरांना कोवळ्या मुलींमध्ये योनीचा दुर्मीळ कर्करोग आढळला. त्यांपैकी बहुतेकींच्या आयांनी गरोदरपणी हीच गोळी घेतली होती.

डॉड्स यांना या काळात मानमरातब भरपूर लाभले: 1954 साली सर ही पदवी, 1962पासून रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्षपद. डिसेंबर 1973मध्ये ते वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, रजोनिवृत्तीनंतर नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे प्रसिद्ध झाले.

म्हणून आज ज्या बाईचे गर्भाशय जागेवर आहे तिला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषधही देतात. गर्भाशय काढलेले असेल तर सहसा त्याची गरज नसते. स्टिलबेस्ट्रॉल या कामातून केव्हाच बाद झाले. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर एरवी निरोगी असलेल्या स्त्रीला धोक्यापेक्षा फायदा जास्त, असे आता मानतात. गोळीपेक्षा त्वचेवर लावायच्या पट्टीने किंवा जेलने रक्ताच्या गुठळ्यांची भीती कमी. दोन्ही औषधे वर्षानुवर्षे घेतली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो; तेव्हा दरवर्षी डॉक्टरांकडे फेरविचार हवा. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, यकृताचा मोठा आजार यांपैकी काही झालेले असेल तर ते आधी सांगावे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर तपासणी करून घ्यायला उशीर लावू नये. आणि शेजारणीला मानवली म्हणून तिची चिठ्ठी दुकानात दाखवून गोळ्या आणण्याची आपल्याकडची सवय इथे मुळीच चालणार नाही.

पोटात असताना स्टिलबेस्ट्रॉलचा संसर्ग पोहोचलेल्या त्या मुली आता स्वतःच रजोनिवृत्तीच्या पलीकडे गेल्या आहेत. त्यांना अजूनही नियमित तपासणीचा सल्ला दिला जातो.