कारागीर रॉबर्ट बॉश

घरच्या मोटारीचे प्लग बदलण्याची वेळ आली म्हणजे वडील मंडळी दुकानांत जातात व दुकानदार दोन-चार डब्या त्यांच्यापुढें ठेवतो. वरवर पाहतां सर्व प्लग सारखेच दिसतात. वरच्या अंगास पांढरी चिनी मातीची नळी, मध्यें षट्कोनी लोखंडी कडें व खालीं आटे. किंमती मात्र निरनिराळ्या असतात. आंत काय आहे हें फोडून पाहतां येत नाहीं, आणि एकदां प्लग एंजिनांत बसला कीं तो दृष्टीआड होतो. अशा वस्तूची निवड करतांना गिऱ्हाइकाला अखेर करणाऱ्याच्या सचोटीवर भिस्त ठेवावी लागते. ती भिस्त आपल्या मालाला लाभावी म्हणून ज्यांनीं आयुष्यभर खटपट केली, त्या एका जर्मन कारागिराचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

रॉबर्ट बॉश ह्यांचा जन्म दक्षिण जर्मनींत उल्म शहराजवळील आल्बेक ह्या गांवीं २३ सप्टेंबर १८६१ रोजीं झाला. बारा भावंडांत त्यांचा क्रमांक अकरावा. वडील शेती करीत व प्रवाशांसाठीं एक सराईही चालवीत. उल्म येथें शालेय शिक्षण झाल्यावर १८७६ सालीं रॉबर्टला एका यंत्रकाराच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. परंतु त्याच्या उस्तादाचें शिकविण्याकडे लक्ष नसे. तीन वर्षें गेलीं, पण मुलाच्या हातीं लागावी तितकी विद्या लागली नाहीं. ही खंत त्यांच्या मनांत कायमची राहिली, आणि पुढें तिचें चांगलें फळ आलें तें यथाक्रम सांगूं.

उमेदवारी संपल्यावर त्यांनीं गांवोगांवच्या कारखान्यांत काम केलें. १८८४ सालीं ते अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथें एडिसन ह्यांच्या कारखान्यांत राहिले. तेथून इंग्लंडला जाऊन सीमेन्स ह्यांच्या कारखान्यांत त्यांनीं अनुभव घेतला. मग स्वदेशीं परत येऊन १५ नोव्हेंबर १८८६ रोजीं स्टुटगार्ट शहरांत त्यांनीं स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. मदतीस एक कारागीर व एक पोऱ्या. टेलिफोन दुरुस्त करावे, विजेच्या घंटा बसवाव्या, जें काम मिळेल तें करावें, असा तो काळ होता. आरंभींचीं वर्षें फार ओढाताणीचीं गेलीं व घरच्या माणसांकडून कर्ज काढण्याची पाळी आली.

ह्या वेळीं मोटारगाडी नुकतीच जन्माला येत होती. पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचें मिश्रण सिलिंडरांत दाबलें जातें. तें नेमक्या क्षणीं पेटलें तरच एंजिन चालतें. पेटवावें कसें, हेंच मोठें कोडें होतें. कोणी तापवून लाल केलेली नळी वापरीत. तिच्यापासून आगीचें भय असे. कोणी बॅटरी वापरीत. ती वाटेंत उतरून जाई. बॉश ह्यांनीं १८८७ सालीं एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून स्थिर एंजिनासाठीं मॅग्नेटो तयार केला. चुंबक व तारेचें वेटोळें ह्यांच्या योगानें फिरतां फिरतां वीज उत्पन्न करणारें हें यंत्र होय. १८९७ सालीं तें एका तीनचाकी मोटारीवर बसविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां नवीच अडचण उभी राहिली. गाडीचें एंजिन इतकें वेगानें फिरे कीं जुना मॅग्नेटो त्याला पुरा पडेना. कारखान्यांतील आर्नोल्ड त्सेरिंगर ह्या कारागिरानें त्यांत सुधारणा करून ती अडचण दूर केली.

पुढची पायरी गोट्लोब होनोल्ड ह्यांनीं गांठली. हे पूर्वीं ह्याच दुकानांत उमेदवार होते व पुढें शिक्षण घेऊन परत आले होते. त्यांनीं उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो व त्याला साजेसा स्पार्क प्लग बनविला, आणि जानेवारी १९०२ मध्यें त्याचें पेटंट मिळालें. प्लगची मूळ कल्पना नवी नव्हती. लन्वार नांवाच्या शोधकानें फ्रान्समध्यें १८६० च्या सुमारास तशी युक्ति केली होती. परंतु मॅग्नेटो, वायर व प्लग हीं तिन्ही एकमेकांस साजेशीं व खात्रीचीं झालीं तीं आतां. ह्या यशाचें श्रेय होनोल्ड ह्यांचें आहे, आणि त्यांना हवी तशी मोकळीक दिली हें श्रेय बॉश ह्यांचें आहे.

आतां ह्या लहानशा वस्तूचें कार्य पाहूं. प्लगच्या मधल्या सळईंतून हजारों व्होल्ट दाबाची वीज येते व खालच्या टोंकाशीं सुमारें एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी फटींतून उडी घेते, तीच ठिणगी. टोंक फार थंड राहिलें तर काजळी सांचून ठिणगी मरते. सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें तर काजळी आपोआप जळून जाते. परंतु ९०० अंशांच्या जवळ गेलें तर मिश्रण ठिणगीआधींच पेटतें व एंजिनास अपाय होतो. म्हणून प्लग ‘गरम’ व ‘थंड’ अशा जातींचे करतात. ज्याच्या मातीच्या नळीचें आंतलें टोंक लांब, तो उष्णता हळू सोडतो, तो गरम. ज्याचें आखूड, तो थंड. आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनवर आदळूं शकतो; कमी पडली तर ठिणगी खोबणींत दडून बसते. यास्तव महाग तो चांगला, असें मानूं नये. गाडीच्या पुस्तकांत जो क्रमांक दिला असेल तोच घ्यावा व फट मोजून पाहावी. प्लॅटिनम किंवा इरिडियमच्या टोंकाचे प्लग अधिक टिकतात, पण त्यांनाही हाच नियम लागू आहे.

वायरींचें महत्त्व तितकेंच आहे. त्यांचें वेष्टन तडकलें कीं पावसाळ्याच्या दमट हवेंत वीज वाटेंतच गळते, आणि प्लग नवा असूनही एंजिन अडखळतें. रेडिओंत खरखर होऊं नये म्हणून कांहीं वायरींत मुद्दाम विरोध ठेवलेला असतो. तेथें साधी तार चालत नाहीं. बऱ्याच नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवितात, त्यामुळें ह्या लांब वायरी उरलेल्याच नाहींत.

सारांश, वेष्टनाच्या आंत दडलेला बारीकसा दोष सर्व यंत्र बंद पाडतो. हें बॉश पुरतें जाणून होते. हलका माल देऊन पैसा मिळविण्यापेक्षां पैसा गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाचा विश्वास जातां कामा नये, हा त्यांचा नियम होता. कामगारांविषयींही त्यांची दृष्टि अशीच होती. १९०६ सालीं एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं आठ तासांचा दिवस सुरू केला. १९१३ सालीं उमेदवारांच्या शिक्षणासाठीं स्वतंत्र विभाग उघडला. उल्म येथें स्वतःला जें मिळालें नाहीं, तें दुसऱ्यांच्या मुलांना मिळावें म्हणून. तरी त्याच वर्षीं कारखान्यांत मोठा संप झाला, व त्यानें त्यांचें मन फार दुखावलें. पहिल्या महायुद्धांत लाभलेला नफा स्वतःजवळ ठेवणें त्यांना रुचलें नाहीं. नेकार नदीवरील कालव्यासाठीं त्यांनीं एक कोटीहून अधिक मार्क दिले. १९२१ सालीं दीर्घ आजारानें त्यांचा तरुण मुलगा वारला. १९४० सालीं स्टुटगार्ट येथें त्यांच्या देणगींतून रुग्णालय उघडलें.

आयुष्याच्या अखेरीस मात्र कठीण कसोटी आली. हिटलरच्या राजवटींत त्यांच्या कारखान्यानें युद्धसामग्री बनविली, आणि युद्धकाळांत तेथें हजारों परदेशी लोकांना सक्तीनें राबविण्यांत आलें. दुसरीकडे, त्यांच्याच सहकाऱ्यांनीं छळ झालेल्या यहुद्यांना मदत केली, आणि राजवटीचे विरोधक गोएर्डेलर ह्यांना १९३७ पासून सल्लागार म्हणून आश्रय दिला. गोएर्डेलर ह्यांना पुढें, १९४५ सालीं, फांशी देण्यांत आली. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतील एकच सांगून दुसरी दडविणें म्हणजे तडा गेलेला प्लग नव्या डबींत घालून विकण्यासारखें होईल.

१२ मार्च १९४२ रोजीं बॉश ह्यांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेस अनुसरून १९६४ सालीं कारखान्याची बहुतेक मालकी एका धर्मादाय संस्थेकडे गेली, आणि नफ्याचा वांटा शिक्षण व आरोग्य ह्यांकडे वळला. आपल्याकडेही हें नांव अपरिचित नाहीं. १९२२ सालीं कलकत्त्यास त्यांच्या मालाची विक्री सुरू झाली, १९५१ सालीं बंगलोर येथें कंपनी निघाली, आणि नाशिककर जिला ‘मायको’ म्हणून ओळखतात तो कारखाना ह्याच परंपरेंतला. तेथें डिझेल एंजिनांचे भाग बनूं लागले. डिझेल एंजिनास ठिणगी लागत नाहीं, हें शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

बालमित्रांनो, परीक्षेच्या कागदावर जें उमटतें तें सर्वांना दिसतें. परंतु अभ्यासाच्या वेळीं, कोणी पाहत नसतां, जें केलें जातें तें आंतल्या नळीसारखें असतें. तेथें तडा नसावा. थोडक्यांत जो विश्वासू, तोच पुष्कळांत विश्वासू ठरतो, ही शिकवण आपण प्रार्थनामंदिरांत ऐकतों. ती कारखान्यांतही खरी ठरते. आणि पुढच्या वेळीं वडील गाडीचे प्लग आणावयास निघाले, तर पुस्तकांतला क्रमांक वाचून तो त्यांना कागदावर लिहून द्या. आपल्या हातून घडणारें तेंही एक लहानसें पण विश्वासाचें काम आहे.