नावात नसलेला निर्माता : सेसिल किंबर

४ फेब्रुवारी १९४५, रविवार. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून लीड्सकडे जाणारी आगगाडी संध्याकाळी सहा वाजता सुटली. स्थानकालगतच्या बोगद्यातील चढावर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागली. काळोखात आणि धुरात गाडी मागे घसरत असल्याचे चालकाच्या ध्यानात आले नाही. शेवटचा डबा रुळांवरून उतरून सिग्नलच्या लोखंडी सांगाड्यावर आदळला. दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक होते ५६ वर्षांचे सेसिल किंबर. ज्यांनी आयुष्यभर वेगाचा ध्यास घेतला, त्यांना संथपणे मागे सरकणाऱ्या गाडीत मृत्यूने गाठले.

किंबर हे 'एमजी' या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे निर्माते. त्यांचा जन्म १८८८ मध्ये लंडनचा. वडिलांचा छपाईच्या शाईचा व्यवसाय होता. तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा उजवा पाय इतका जायबंदी झाला की, तो कायमचा आखूड राहिला. भरपाई म्हणून मिळालेल्या पैशांतून त्यांनी मोटार घेतली. ते पैसे घरच्या धंद्यात घालावेत, असा वडिलांचा आग्रह होता. मुलाने तो मानला नाही आणि पितापुत्रांत कायमचा दुरावा आला. मोटारीच्या वेडाची ही पहिली किंमत.

काही कारखान्यांत अनुभव घेऊन किंबर १९२१ मध्ये ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस'मध्ये विक्री व्यवस्थापक झाले आणि पुढच्याच वर्षी सरव्यवस्थापक. ही पेढी उद्योगपती विल्यम मॉरिस यांची. तेच पुढे लॉर्ड नफिल्ड म्हणून ओळखले गेले. मॉरिस यांच्या मोटारी साध्या, टिकाऊ आणि सर्वसामान्यांच्या आवाक्यातील होत्या. याच गाड्यांच्या सांगाड्यावर देखणी, ठेंगणी बॉडी चढवली आणि इंजिनावर थोडे संस्कार केले, तर तरुणांना हवीशी वाटणारी गाडी बेताच्या पैशांत देता येईल, हे किंबर यांनी हेरले. १९२५ च्या ईस्टरमध्ये लंडन ते लँड्स एंड या खडतर चाचणी स्पर्धेत त्यांनी स्वतः आपली खास गाडी चालवून सुवर्णपदक मिळवले. 'मॉरिस गॅरेजेस'ची आद्याक्षरे अष्टकोनात बसली आणि एका नाममुद्रेचा उदय झाला. ती आद्याक्षरे मात्र मालकाच्या पेढीची होती. निर्मात्याच्या नावाचे अक्षर त्यांत नव्हते.

१९२८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेली 'मिजेट' ही ८४७ सीसीची चिमुकली गाडी १७५ पौंडांना मिळत असे. तोवर स्पोर्ट्स कार ही धनिकांची मिरास होती; मिजेटने ती मध्यमवर्गाच्या दारात आणली. कारखाना १९२९ मध्ये ॲबिंग्डन गावी गेला. शर्यतीत जे टिकेल तेच ग्राहकाच्या हाती द्यावे, ही तिथली रीत होती. १९३१ मध्ये जॉर्ज आइस्टन यांनी ७५० सीसी गटात ताशी १०० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला, तो एमजीतूनच. १९३३ मध्ये 'के-३ मॅग्नेट'ने इटलीतील मिल्ले मिलिया शर्यतीत आपला गट जिंकला. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधील टुरिस्ट ट्रॉफी इटलीचे श्रेष्ठ शर्यतपटू ताझिओ नुवोलारी यांनी याच गाडीतून पटकावली.

यशाच्या या शिखरावरच घाव बसला. १९३५ मध्ये नफिल्ड यांनी एमजी आपल्या 'मॉरिस मोटर्स' या मोठ्या कंपनीच्या अखत्यारीत दिली. कारखान्यातर्फे शर्यतीत उतरणे थांबले आणि आराखड्यांचे काम काउलीच्या मुख्य कारखान्याकडे गेले. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय समजण्याजोगा होता, कारण शर्यती खर्चिक असतात. पण स्वतंत्र बाण्याच्या किंबर यांना आता परवानगीने चालावे लागणार होते. महायुद्धात मोटारींचे उत्पादन थांबले, तेव्हा कामगारांचे हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचे काम मिळवले. तेच निमित्त ठरले. १९४१ मध्ये त्यांना ॲबिंग्डन सोडावे लागले. पुढे ते पिस्टन बनवणाऱ्या एका कंपनीत काम करू लागले. त्या कामासाठीच पीटरबरोला निघाले असताना किंग्ज क्रॉसचा अपघात घडला.

त्याच वर्षी, युद्ध संपताच, ॲबिंग्डनमधून 'टीसी' बाहेर पडली. किंबर यांच्या काळातील मिजेटचीच ती सुधारलेली आवृत्ती. तिच्या दहा हजार गाड्या तयार झाल्या आणि तिने अमेरिकेला ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गोडी लावली. १९६२ मध्ये आलेल्या 'एमजीबी'ने तर पाच लाखांचा आकडा ओलांडला. ते वैभव पाहणे निर्मात्याच्या नशिबी नव्हते.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पुढे ही नाममुद्रा चिनी उद्योगाकडे गेली आणि २०१९ पासून वडोदऱ्याजवळच्या हालोल येथे तिच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आज आपल्या रस्त्यांवर तो अष्टकोन सहज दिसतो. त्याखालच्या गाड्या वेगळ्या आहेत, मालकही कितीदा बदलले. ज्या माणसामुळे त्या दोन अक्षरांना किंमत आली, तो मात्र त्यांचा मालक कधीच नव्हता.