प्राध्यापक आंबेडकर

विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेऊन पदव्या वाटणारे कार्यालय, अशीच आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. वर्षभर टिपणे उतरून घ्यावीत, परीक्षेच्या तोंडावर ती घोकावीत, की झाले शिक्षण! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही समजूत कधीच मान्य नव्हती. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यातील शिक्षक मात्र थोड्यांनाच माहीत असतो.

१८९१ साली महू येथे त्यांचा जन्म झाला. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर बसावे लागे. पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मनाई होती. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले आणि चांगले अध्यापन कसे असते, ते त्यांनी अनुभवले.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा काय शिकवणार, असे विद्यार्थ्यांना आरंभी वाटले. पण ते कसून तयारी करून वर्गावर जात. लवकरच इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याचे भांडे त्यांनी वापरण्यास काही सहकाऱ्यांची हरकत होती! वर्गाने जे स्वीकारले, ते त्या खोलीला पेलले नाही.

१९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिच्यापुढे त्यांनी आपले मत स्पष्ट मांडले. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊ नयेत, स्वतः शिकवावे. अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करू नये, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९३५ ते १९३८ या काळात ते शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे सकाळी वर्ग भरत, त्यामुळे नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांनाही पदवीची वाट मोकळी झाली. १९५० साली त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि समाधान होईपर्यंत त्याला सोडले नाही. विद्यार्थी असा हवा आणि गुरू त्याला पुरून उरणारा हवा, हेच त्या नावांतून सुचते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यांची जयंती आपण दरवर्षी साजरी करतो. पण तास संपताना प्राध्यापकांनी शंका विचारायला सांगितले, की आपण सारे माना खाली घालतो. मित्रहो, ज्याला वर्गात बसण्यासाठीच झगडावे लागले, त्याचे ऋण निदान एक प्रश्न विचारून तरी फेडूया.